दोन सॉकेटचा सर्व्हर, ६४ जीबीवरून १९२ जीबी: लॅबमधल्या नोंदी

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

डिपार्टमेंटला जुना डेल पॉवरएज आर७२० मिळालाय, दोन सॉकेट, दोन्हीत झिऑन ई५-२६४०, म्हणजे सहा-सहा कोर. २०१२ सालची पिढी. प्रॉक्समॉक्स ८.२ (एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टम) टाकून चालू केला, पण रॅम ६४ जीबीच आहे आणि क्लाउडच्या प्रॅक्टिकलला एका बॅचची वीस पोरं, प्रत्येकाला चार-चार जीबीच्या दोन व्हीएम, म्हणजे १६० जीबी नुसत्या व्हीएमलाच. सध्या चौदा-पंधरा व्हीएम चढल्या की मशीन स्वॅपला लागतं, म्हणजे रॅम संपून डिस्क वापरतं, आणि मागच्या बाकावरून "सर, हँग झालं" सुरू होतं. एचओडी मॅडमना खर्चाचा विषय काढला तर त्या म्हणाल्या, एवढ्या पैशात एक चांगला डेस्कटॉप नाही का येणार. येईल की, पण त्यात वीस पोरं बसणार नाहीत. शेवटी "आधी नीट कागदावर मांडून आणा, मग बघू" इथपर्यंत गाडी आली. म्हणून या नोंदी.

झाकण न उघडता आधी काय आहे ते बघितलं. डीएमआयडीकोड ही हार्डवेअरची माहिती देणारी कमांड टाइप १७ ला, म्हणजे रॅमसाठी, चालवली की प्रत्येक स्लॉटची कुंडली मिळते, स्टिक आहे की नाही, किती जीबी, पार्ट नंबर काय, रँक (एकदम वाचल्या जाणाऱ्या चिपांचे गट) किती, आणि दोन वेगवेगळे स्पीड, एक स्टिकचा स्वतःचा आणि एक प्रत्यक्षात चालू असलेला. हा दुसरा आकडा लोक बघतच नाहीत. आपल्याकडे आठ-आठ जीबीच्या आठ स्टिक निघाल्या, सगळ्या १३३३ च्या, सगळ्या दोन रँकच्या. इथपर्यंत ठीक. पण मांडणी बघून चक्रावलो, पहिल्या प्रोसेसरला सहा आणि दुसऱ्याला फक्त दोन. ए१ ते ए६ भरलेले, पलीकडे बी१ आणि बी२, बस. कोणी केलं आणि का, काही कळेना. मशीन ज्यांच्याकडून आलं तिथे आता त्यातलं कोणी नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

ही सहा-दोन मांडणी का खटकते ते लिहून ठेवतो, कारण मॅडमच्या कागदात हे लागणार आहे.

या मशीनमध्ये रॅम मदरबोर्डची नसते, प्रोसेसरची असते. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आहे, प्रत्येक प्रोसेसरला चार चॅनल (रॅमकडे जाणारे वेगवेगळे रस्ते), प्रत्येक चॅनलवर तीन स्लॉट, म्हणजे बारा स्लॉट ए नावाचे आणि बारा बी नावाचे, एकूण चोवीस. ए१, ए५, ए९ हे एका चॅनलवरचे, ए२, ए६, ए१० दुसऱ्या, असं पुढे. दुसऱ्या प्रोसेसरला पहिल्याच्या रॅममधलं काही हवं असेल तर दोघांच्या मधल्या क्यूपीआय लिंकवरून मागवून घ्यावं लागतं, चालतं पण वेळ जातो. आणि दुसरा प्रोसेसर काढला तर बी बाजूचे बाराच्या बारा स्लॉट मेलेले, त्यात कितीही रॅम भरा.

१३३३ ची एक चॅनल सेकंदाला साधारण १०.६ जीबी देते, चार मिळून ४२.६. आपल्या दुसऱ्या प्रोसेसरला दोनच चॅनल चालू, म्हणजे निम्म्यावर आधीच पाणी सोडलेलं. न्युमासीटीएल या कमांडला हार्डवेअर दाखव म्हटलं तर नोड (एक प्रोसेसर आणि त्याची रॅम) शून्यला ४८ जीबी, नोड एकला १६. म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरवर चार व्हीएम बसल्या की त्याची जागा संपली, पाचवीपासून पुढच्या सगळ्या शेजाऱ्याच्या दारात. त्याच कमांडमध्ये खाली अंतराचा तक्ता येतो, स्वतःला १० आणि शेजाऱ्याला त्याच्या दुपटीचा आकडा, तो बघून काहीजण "बघा, दुप्पट स्लो" असं सांगत सुटतात, पण तो आकडा बायोसने लिहून दिलेला असतो, मोजलेला नसतो.

मोजायचं असेल तर जॉन मॅककॅल्पिन यांचा स्ट्रीम हा रॅमचा वेग मोजणारा प्रोग्राम आहे, तो एकेका नोडला बांधून चालवला. नोड एकचा ट्रायडचा (स्ट्रीममधली एक चाचणी) आकडा नोड शून्यच्या मानाने अगदीच केविलवाणा आला. आकडे फाईलमध्ये ठेवलेत, नंतर तुलनेला लागतील.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज झाकण उघडलं. लॅबचे मामा सोबत होते, त्यांनी आधी ब्लोअरने बाहेरची धूळ उडवली, वर्गाच्या बाहेर नेऊन, नाहीतर मग सगळ्यांची शिंकाशिंकी.

झाकणाच्या आतल्या बाजूला स्लॉटचा नकाशा चिकटवलेला असतो, तो मोबाईलवर काढून ठेवला. कारण स्लॉट बोर्डावर १, २, ३, ४ असे ओळीने नाहीत, एकाआड एक चॅनलचे येतात, आणि प्रोसेसरच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा असे वाटलेले आहेत. ओळखायला रंग दिलेत. ज्या स्लॉटच्या चिमट्या पांढऱ्या तो चॅनलचा पहिला, काळ्या तो दुसरा, हिरव्या तो तिसरा. भरायचं ते आधी पांढरे, मग काळे, मग हिरवे. इतकं साधं आहे पण नकाशा न बघता "शेजारी-शेजारी टाकू" म्हणणारा माणूस इथे हमखास फसतो.

एक स्टिक काढून लेबल वाचलं. आता हे लेबल म्हणजे सगळा विषयच आहे त्यामुळे सविस्तर.

८ जीबी, २आर×४, पीसी३एल-१०६००आर. पहिलं कळलं. २आर म्हणजे दोन रँक, ×४ म्हणजे प्रत्येक चिप चार बिट रुंद. ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करायचे जादा बिट) धरून एक रँक ७२ बिटांची, म्हणून ७२ भागिले ४, अठरा चिपा एका रँकला, दोन रँकला छत्तीस. मोजून बघता येतात. तेच २आर×८ असेल तर नऊ आणि नऊ, अठराच. पीसी३ म्हणजे डीडीआर३, पुढचा एल म्हणजे १.३५ व्होल्टवर चालणारी, एल नसेल तर १.५ ची. १०६०० म्हणजे १३३३, १२८०० म्हणजे १६००, १४९०० म्हणजे १८६६, आठाने भागलं की जमतं. आणि शेवटचं अक्षर, ज्याच्यावर सगळं अवलंबून. आर म्हणजे रजिस्टर्ड, कंट्रोलर आणि चिपांच्या मध्ये रजिस्टर चिप असलेली, आरडिम. ई म्हणजे ईसीसी आहे पण रजिस्टर नाही. यू म्हणजे साधी, डेस्कटॉपची. शेवटी एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड, एलआरडिम. गंमत बघा, मधला एल व्होल्टेजचा आणि शेवटचा एल प्रकाराचा, दोन्ही एकाच लेबलवर येऊ शकतात, आणि दुकानदार फोनवर नुसतं "एलवाली आहे" म्हणतो तेव्हा कुठला एल ते विचारून घ्यावं लागतं.

हे सगळे प्रकार २४० पिनांचे, खाच एकाच जागी. म्हणजे चुकीची स्टिक आरामात बसते, खट् आवाज पण येतो, फक्त मशीन चालू होत नाही. डीडीआर४ ची खाच वेगळी आणि पिना २८८, ती बसणारच नाही, तिथे तरी लोक वाचतात. आर७२० मध्ये तिन्ही प्रकार चालतात, आर, ई आणि लोड-रिड्यूस्ड, पण एका वेळी एकच. मिसळायचे नाहीत, अगदी एक इकडच्या प्रोसेसरला आणि एक तिकडच्याला असंही नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

तीन रस्ते मांडले.

पहिला, सोळा स्टिक १६ जीबीच्या, २५६ जीबी, जुन्या आठ काढून ठेवायच्या. छान आहे पण पैसे जातात आणि ६४ जीबी चांगली रॅम ड्रॉवरमध्ये पडते. दुसरा, आठ एलआरडिम ३२ जीबीच्या, तरी २५६. पण जुन्यांशी मिसळता येत नाही आणि जीबीमागे भावही जास्त सांगतात. एलआरडिम कधी घ्यायची तर चोवीसच्या चोवीस स्लॉट भरून ७६८ जीबी किंवा त्याच्या वर जायचं असेल तेव्हा, आपल्याला त्याची काय गरज.

तिसरा मला आवडला. फक्त आठ नवीन, १६ जीबीच्या, आठही पांढऱ्या स्लॉटमध्ये, आणि जुन्या आठ-आठ जीबीच्या काळ्यांमध्ये. प्रत्येक चॅनलवर २४ जीबी, प्रत्येक प्रोसेसरला ९६, एकूण १९२. वेगवेगळ्या साईझ एका चॅनलवर चालतात, मोठी आधी टाकायची एवढंच, आणि आठही चॅनलवर तोच जोड असला की झालं. १६० व्हीएमला, उरलेल्या ३२ मध्ये प्रॉक्समॉक्स आणि झेडएफएस या फाईल सिस्टमचा कॅश. घट्ट बसतंय पण बसतंय.

स्पीडचं मला कोणी ना कोणी विचारणारच. १६०० ची स्टिक घेतली तरी ई५-२६४० हा प्रोसेसर १३३३ च्या वर जातच नाही, इंटेलनेच तेवढं ठेवलंय. त्याच पिढीतला २६५० घेतला तर १६०० मिळतात, २६५० व्ही२ ला १८६६, पण व्ही२ टाकायला बायोस आधी नवीन लागतो आणि आपल्या जुन्या स्टिक १३३३ च्याच आहेत, सगळ्यात हळू स्टिकवर सगळी गाडी चालते. त्यामुळे जुन्या १३३३ वाल्या ठेवण्यात काडीचं नुकसान नाही. तिसरा स्लॉट भरला की स्पीड आणखी खाली येतो, म्हणून हिरवे रिकामेच. मी तर म्हणतो की या मशीनला जास्त स्पीडच्या मागे लागून पैसे घालवण्यापेक्षा आठही चॅनल सारख्या भरल्या तरी कितीतरी जास्त मिळतं.

मॅडमनी कागद वाचला आणि सही केली. "सर, पण १९२ हा आकडा विचित्र नाही वाटत?" म्हणाल्या. वाटतो खरा.

४ सप्टेंबर, बुधवार

लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराशी फोनवर बोलणं झालं. मी सांगितलं, १६ जीबी, २आर×४, पीसी३एल-१२८००आर किंवा १०६००आर, आठ नग, शक्यतो एकाच पार्ट नंबरच्या. तो म्हणाला, "सर, १६ जीबी सर्व्हर रॅम भरपूर आहे, बिनधास्त घ्या, भाव पण एकदम कमी लावतो." भाव ऐकून शंका आली. म्हटलं दादा, आधी लेबलचा फोटो पाठवा, पुसट नको, अक्षरं दिसू देत. फोटो आला, ४आर×४ पीसी३-८५००आर.

तीच ती. चार रँकची, १०६६ ची, १.५ व्होल्टची. याच्या आधीच्या पिढीच्या सर्व्हरमधून निघालेली, म्हणून बाजारात ढिगाने आणि स्वस्त. खोटं काही नाही त्यात, १६ जीबीच आहे, रजिस्टर्डच आहे, आर७२० मध्ये चालते पण. पण चॅनलला एकटी असली तर १०६६ वर, आणि सोबत दुसरी चार रँकवाली टाकली तर ८०० वर येते, शिवाय चार रँकची आरडिम असली की त्या चॅनलचा हिरवा स्लॉट कायमचा बाद, कारण एका चॅनलला आठ रँकच्या वर झेपत नाही. आणि १.५ ची एक जरी स्टिक असली तरी आपल्या सगळ्या १.३५ वाल्या पण १.५ वर चालणार, म्हणजे गरम होणार. त्याला म्हटलं ही नको, २आर द्या. तो म्हणाला, "सर, एवढं कोणी विचारत नाही हो." शेवटी थोडा भाव वाढवून योग्य त्या आठ दिल्या, सहा एका कंपनीच्या आणि दोन दुसरीच्या, लेबल मात्र आठांवर सारखं, २आर×४ पीसी३एल-१२८००आर. कंपनी वेगळी असली तर बिघडत नाही. लेबल वेगळं असेल तर विचार करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक स्टिकचा फोटो मागवला, आणि टेस्टिंग वॉरंटी लिहून घेतली.

आणखी एक बघितलं होतं, ×४ की ×८. ×४ असेल तर नेहमीच्या ऑप्टिमायझर मोडमध्येच एक अख्खी चिप मेली तरी सर्व्हर ती सावरून घेतो. ×८ ला तीच सोय पाहिजे तर अ‍ॅडव्हान्स्ड ईसीसी मोड लावावा लागतो, त्यात दोन-दोन चॅनल एकमेकांना बांधले जातात आणि वेग जातो. जुन्या ×४ आहेत, नवीन पण ×४.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपतीची सुट्टी, कॉलेज रिकामं, मामांच्या घरी दीड दिवसाचा असतो त्यामुळे तेही मोकळे. बसवायला याहून चांगला दिवस नाही.

दोन्ही पॉवर केबल काढल्या, पॉवर बटण दाबून धरलं, मनगटाला पट्टा. पावसाळ्यात स्टॅटिक कमी असतं म्हणतात, असेल, पट्टा घालायला काय जातं. झाकण, मग प्रोसेसर आणि रॅमवरचं काळं प्लॅस्टिकचं कव्हर उचललं. हे कव्हर हवा दोन्ही हीटसिंकवरून आणि रॅमवरून नेतं, ते न लावता मशीन चालवायचं नाही, "दोन मिनिटं टेस्टला" सुद्धा नाही.

सगळ्या जुन्या काढल्या, सोन्याच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसल्या. मामा खोडरबर घेऊन तयार होते, डेस्कटॉपच्या रॅमला आम्ही वर्षानुवर्षं तेच केलंय, पण खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो आणि मुलामा पण झिजतो, म्हणून नको म्हटलं. "अहो सर, याच रबरावर ती अख्खी लॅब चालते," म्हणाले. चालते हेही खरं.

बसवताना दोन्ही चिमट्या पूर्ण बाहेर, खाच बघायची, स्टिक सरळ खोबणीत, दोन्ही अंगठे दोन टोकांवर आणि एकदम सारखा दाब. आधी एक टोक मग दुसरं असं केलं की स्टिक तिरकी जाते. दोन्हीकडच्या चिमट्या आपोआप वर येऊन खाचेत बसल्या पाहिजेत, बोटाने ढकलून बसवाव्या लागल्या म्हणजे स्टिक पूर्ण खाली गेलेली नाही. स्लॉटमधली पहिली बसवताना बोर्ड थोडा वाकतो, घाम फुटतो, पण तेवढा जोर लागतोच. ए१ ते ए४ आणि बी१ ते बी४ मध्ये १६ च्या, ए५ ते ए८ आणि बी५ ते बी८ मध्ये ८ च्या. दुसऱ्या कंपनीच्या ज्या दोन होत्या त्या ए४ आणि बी४ ला, म्हणजे दोन्ही बाजू आरशासारख्या.

चालू केलं. पहिल्या वेळी स्क्रीन बराच वेळ काळी राहते, घाबरायचं नाही, प्रत्येक चॅनलचं टायमिंग नव्याने जुळवत असतो. मग मेमरी बदलल्याचा मेसेज, एफ१ दाबा किंवा एफ२. एफ२ ने आत गेलो, १९२ जीबी, १३३३, १.३५ व्होल्ट, ऑप्टिमायझर मोड. नोड इंटरलीव्हिंग बंद आहे ना ते पण बघितलं, ते चालू असेल तर दोन्ही नोडची खिचडी होते आणि ऑपरेटिंग सिस्टमला कुठली रॅम कोणाची ते कळतच नाही. मोदक खाल्ले, रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला आणि घरी.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मेमटेस्ट स्वच्छ, एकही लाल ओळ नाही. पण यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण ईसीसी चालू असताना एक बिट चुकला तर कंट्रोलर तो वाटेतच दुरुस्त करून देतो आणि मेमटेस्टला बरोबरच आकडा दिसतो. खरं काय ते आयड्रॅकच्या (सर्व्हरवर लक्ष ठेवणारी डेलची व्यवस्था) लॉगमध्ये आणि मेमरीच्या चुका मोजणाऱ्या लिनक्सच्या एडॅकमध्ये. म्हणून प्रॉक्समॉक्स चालू करून रॅमवर ताण देणारा स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट लावला आणि दुसऱ्या खिडकीत एडॅकचे काउंटर बघत बसलो.

अर्ध्या तासात काउंटर हलायला लागला. एमसी१ वर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर. आयड्रॅकमध्ये पिवळी ओळ, बी३ ला दुरुस्त केलेल्या चुकांचं प्रमाण जास्त झालंय.

एखाद-दुसरी चूक असती तर मी सोडून दिलं असतं. गूगलच्या मशीनवर केलेला २००९ चा एक अभ्यास आहे, त्यात वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनना आणि आठ टक्क्यांच्या वर स्टिकना निदान एकदा तरी दुरुस्त होणारी चूक आलेली होती, म्हणजे तसं हे नेहमीचंच. पण इथे मिनिटाला वाढत होतं.

पहिला विचार अर्थातच दुकानदाराचा. फोन उचललाही होता, तेवढ्यात एडॅकची पूर्ण यादी बघितली. लिनक्समध्ये चॅनल शून्यापासून मोजतात, म्हणून चॅनल २ म्हणजे आपला बी३ चा. त्या चॅनलवर डिम शून्यला चुका, आणि डिम एकला पण. डिम एक म्हणजे बी७, आपली जुनी आठ जीबीची, जी इतके दिवस ए बाजूला मुकाट्याने चालत होती. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या साईझच्या, एक नवीन एक जुनी, दोघी एकाच दिवशी कशा बिघडतील. बाकीच्या चौदांना शून्य.

खात्री म्हणून बी३ ची आणि ए३ ची अदलाबदल केली. चूक स्टिकसोबत ए३ ला गेली तर स्टिक वाईट, बी३ लाच राहिली तर स्टिक निर्दोष. बी३ लाच राहिली. दुकानदार सुटला बिचारा.

स्लॉटमध्ये टॉर्च मारून बघितलं, हवा मारली, काही नाही. आणि मग डोक्यात आलं की बी३ या मशीनमध्ये आधी रिकामा होता. बी१, बी२ भरलेले आणि तिथून पुढे काही नाही, आणि पहिल्या प्रोसेसरला मात्र सहा. चार-चार असणार आधी, बी३ ला चुका येत होत्या म्हणून कोणीतरी तिथल्या आणि शेजारच्या दोन स्टिक उचलून ए५, ए६ ला नेऊन ठेवल्या असणार आणि लॉग शांत झाला. माझा अंदाज आहे हा, पण दुसरं कुठलं कारण बसत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

कंट्रोलर प्रोसेसरमध्ये आहे म्हटल्यावर चॅनल बिघडलं याचा अर्थ स्लॉट, बोर्डावरची रेघ, सॉकेटच्या पिना किंवा प्रोसेसर स्वतः, यातलं एक. सगळ्यात सोपं आणि फुकट म्हणजे प्रोसेसर काढून बघणं.

दुसऱ्या हीटसिंकचा एक स्क्रू सैल करून अर्धा मिनिट थांबलो, पेस्ट सुटायला, मग समोरासमोरचे करत बाकीचे. ओढायचं नाही, हलकं फिरवून उचलायचं. या सॉकेटला दोन दांड्या आहेत, आधी कुठली उघडायची ते त्यावरच लिहिलेलं असतं. प्रोसेसर उचलला आणि उलटा केला. एलजीए २०११, म्हणजे पिना सॉकेटमध्ये आणि प्रोसेसरच्या पोटाला नुसते सपाट सोनेरी ठिपके. त्यातल्या एका कोपऱ्याजवळच्या ठिपक्यांवर करड्या रंगाचा पातळ थर, वाळलेला, बोटाचा ठसा ओळखू येईल असा. थर्मल पेस्ट. कोणीतरी पेस्ट लागलेल्या बोटाने प्रोसेसर कडेला न धरता खालून धरला होता.

मामांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "सर, एवढ्याशा डागाने?" एवढ्याशा डागाने. तिथे प्रत्येक ठिपक्यामागे एक सिग्नल आहे, पूर्ण तुटला तर स्टिक दिसलीच नसती, अर्धवट टेकत होता म्हणून कधी बरोबर कधी चूक.

अल्कोहोल, लिंट न सुटणारं कापड, एकाच दिशेने, थर जाईपर्यंत. सॉकेटच्या पिनांना कशानेही हात लावला नाही, तिथे वाकडी पिन सरळ करण्याचा पराक्रम मी माझ्या हाताने करणार नाही. टॉर्च तिरका धरून ओळी बघितल्या, सगळ्या पिनांची चमक एकसारखी, एकही वाकलेली नाही, आणि नशीब म्हणजे पेस्ट तिथे उतरलेली नव्हती. प्रोसेसर परत ठेवला, खाचा जुळवून, न दाबता, आपल्या वजनानेच बसला पाहिजे. दांड्या, नवीन पेस्ट मध्ये थोडीशी, हीटसिंक, स्क्रू परत समोरासमोर. लगे हाथ पहिला प्रोसेसर पण काढावा असं मामांचं म्हणणं, पण त्याच्या चारही चॅनलला शून्य चुका असताना मी तो उघडणार नाही, चालतंय त्याला चालू द्यावं.

स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट रात्रभर लावून ठेवला.

१८ सप्टेंबर, बुधवार

विसर्जनानंतरचा पहिला दिवस, पोरं निम्मीच आली, पण जेवढी आली तेवढ्यांनी काम सुरू केलं. एमसी० आणि एमसी१ दोन्हीवर शून्य, शनिवार रात्रीपासून. आयड्रॅकचा लॉग आधीच साफ करून ठेवला होता, त्यात नवीन ओळ नाही.

स्ट्रीम परत चालवला. नोड एकचा ट्रायड पहिल्याच्या जवळपास दुप्पट झाला, अपेक्षाच होती, दोनाच्या चार चॅनल झाल्या. नोड शून्यला पण थोडा फायदा, कारण आधी सहा स्टिकमुळे दोन चॅनलवर दोन आणि दोनवर एक असं वाकडं होतं. आता दोन्ही नोडचे आकडे एकमेकांच्या शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा ते सांगता येणार नाही.

झेडएफएसबद्दल एक गोष्ट बाकी होती. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून इन्स्टॉल करतानाच कॅशला एकूण रॅमच्या दहा टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी, अशी मर्यादा लिहून ठेवतो. आपण इन्स्टॉल केलं तेव्हा ६४ होती म्हणून साडेसहाच्या आत लिहिलं गेलं, रॅम वाढवली म्हणून ते स्वतःहून वाढत नाही. मॉडप्रोबच्या फोल्डरमधल्या झेडएफएसच्या फाईलमध्ये १६ केलं, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाईल) नवीन बनवला, रीबूट. व्हीएमना नुमाचा (कुठली रॅम कुठल्या प्रोसेसरची ते कळू देणारा) टिक पण लावला.

दुपारच्या बॅचला चाळीस व्हीएम एकदम चढवून बघितल्या, स्वॅप शून्य. मागच्या बाकावरून आज तक्रार आली ती वायफायची.

झाकणाच्या आत, नकाशाच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली: पांढऱ्यात १६, काळ्यात ८, हिरवे रिकामे ठेवणे, फक्त २आर×४ आर-वाली, बी३ ला चूक आली तर आधी दुसरा प्रोसेसर काढून खालून बघणे. दुकानदाराकडून त्याच लेबलची एक जास्तीची मागवली आहे, ती स्टोअरमध्ये अँटी-स्टॅटिक पिशवीत राहील. बिल मॅडमकडे दिलं.